हातब्रेक (लहान मोटारीतील रचना, दोष व दुरुस्ती)

हातब्रेक किंवा पार्किंग ब्रेक ही थांबलेली मोटार जागच्या जागी धरून ठेवणारी यंत्रणा होय. बोलीभाषेत तिला 'हँडब्रेक' असे म्हणतात. पायाने दाबावयाचा मुख्य ब्रेक द्रवदाबावर चालतो. हातब्रेक मात्र तरफ व पोलादी तारेच्या केबलच्या साहाय्याने, म्हणजे निव्वळ यांत्रिक रीतीने चालतो. ब्रेकमधील तेल गळून गेले तरी तो काम करू शकावा, हा या स्वतंत्र रचनेचा हेतू आहे. चालकाने एकदा ओढून ठेवल्यावर तो तास न् तास, कोणाच्याही देखरेखीशिवाय लागून राहणे अपेक्षित असते. त्यामुळे त्यातील दोष अनेकदा मोटारीजवळ कोणी नसताना प्रकट होतो.

हातब्रेक सैल झाला की केबल ताणून घेण्याची पद्धत सर्रास आढळते. परंतु सैलपणाचे कारण पुष्कळदा केबलमध्ये नसून मागील चाकांच्या ड्रममध्ये असते. म्हणून तपासणी चाकापासून सुरू करून केबलची जुळणी सर्वांत शेवटी करणे, हा हातब्रेकच्या दुरुस्तीतील मूलभूत नियम मानला जातो.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या अनेक मोटारींत हाताचा ब्रेक व पायाचा ब्रेक वेगवेगळ्या ठिकाणी कार्य करीत. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्ड मॉडेल टी या मोटारीत पायाचा ब्रेक गिअरपेटीतील ड्रमवर, तर हाताची तरफ मागील चाकांच्या ब्रेकवर चालत असे. ड्रम ब्रेकच्या तत्त्वाचे एकस्व (पेटंट) लुई रेनो यांनी १९०२ मध्ये घेतले. हातब्रेकमध्ये वापरली जाणारी, लवचीक नळीतून सरकणारी तार 'बोडेन केबल' म्हणून ओळखली जाते. पुढे मुख्य ब्रेक द्रवदाबावर चालू लागले, तरी हातब्रेक यांत्रिकच राहिला.

भारतातील बहुतेक लहान मोटारींत पुढील चाकांना डिस्क ब्रेक व मागील चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि हातब्रेक मागील दोन चाकांवर कार्य करतो. याला अपवाद आहेत. उदाहरणार्थ, साब ९९ या स्वीडिश मोटारीत हातब्रेक पुढील चाकांवर चालत असे. या लेखातील विवेचन मुख्यतः मागे ड्रम ब्रेक असलेल्या लहान मोटारीला लागू आहे.

रचना व कार्य

हातब्रेकचे तीन भाग पडतात.

१. तरफ: ही दोन पुढील आसनांच्या मध्ये असते. तिच्या मुळाशी दातेरी पट्टी (रॅचेट) व त्या दात्यांत अडकणारी खिट्टी असते. तरफ ओढताना येणारा 'कट-कट' आवाज हा खिट्टी एकेका दात्यावरून पुढे सरकल्याचा असतो. तरफेच्या टोकावरील बटण दाबले की खिट्टी दात्यांतून सुटते.

२. केबल: तरफेची ओढ मोटारीच्या तळाखालून मागील चाकांपर्यंत पोहोचते. वाटेत इक्वलायझर नावाचा समतोलक तुकडा असतो. तो डाव्या व उजव्या केबलवरील ताण सारखा ठेवतो. ताण जुळविण्याचा नट बहुधा येथे किंवा तरफेच्या मुळाशी असतो.

३. ड्रममधील भाग: ड्रमच्या आत दोन अर्धगोलाकार शू असतात व त्यांवर घर्षणकारक लायनर बसविलेले असते. केबल ओढली गेली की आतील एक छोटी तरफ आडव्या दांड्याच्या आधाराने दोन्ही शू बाहेर ढकलते आणि ते फिरत्या ड्रमला आतून घट्ट टेकतात. लायनर झिजेल तसे शू व ड्रम यांतील अंतर वाढते. ते कमी करण्यासाठी स्वयंचलित जुळवणी यंत्रणा (ऑटो अ‍ॅडजस्टर) बसविलेली असते. काही जुन्या मोटारींत हे अंतर हाताने जुळवावे लागते.

पायाचा ब्रेक व हातब्रेक यांचे मार्ग वेगळे असले तरी शेवटी दोन्ही त्याच शूंचा वापर करतात. त्यामुळे शू झिजले किंवा तेलाने माखले तर दोन्ही ब्रेक एकाच वेळी दुर्बल होतात.

किती बल लागते

प्रवासी वाहनांच्या ब्रेकसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार (क्रमांक १३-एच) पार्किंग ब्रेकने पूर्ण भारित मोटार २० टक्के चढावर व उतारावर धरून ठेवली पाहिजे. त्यासाठी हाताने लावावयाचा जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ४० किलोग्रॅम वजनापेक्षा, अधिक लागता कामा नये. २० टक्के उतार म्हणजे ५ मीटर आडव्या अंतरात १ मीटर उंची. हा कोन सुमारे ११ अंशांचा असतो.

माणसांसह १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार अशा उतारावर उभी असल्यास तिला खाली खेचणारे बल सुमारे १९६ किलोग्रॅम वजनाइतके असते. ते दोन मागील चाकांत वाटले गेल्यास प्रत्येकी ९८ किलोग्रॅम होते. चाकाची त्रिज्या २७ सेंटिमीटर व ड्रमची ९ सेंटिमीटर धरल्यास ड्रमच्या पृष्ठभागावर याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे २९० किलोग्रॅम वजनाइतके घर्षणबल निर्माण व्हावे लागते. एका चाकाचा ब्रेक निकामी झाला तर हा सर्व भार दुसऱ्यावर पडतो. सपाट जागी 'ठीक' वाटणारा हातब्रेक घाटात अपुरा का पडतो, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

दोषांची लक्षणे व कारणे

तरफ फार वर येते

तरफ किती दात्यांवर घट्ट व्हावी याचा आकडा मोटारीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. अनेक लहान मोटारींत तो ४ ते ९ यांच्या दरम्यान असतो. तरफ त्याहून बरीच वर येत असल्यास पुढील कारणे संभवतात: लायनर झिजणे, स्वयंचलित जुळवणी यंत्रणा गंजून अडकणे, ड्रमचा आतील व्यास झिजून वाढणे किंवा केबल लांबणे. नवी केबल बसविल्यावर सुरुवातीच्या वापरात ती थोडी सैल पडते. जुन्या केबलची लांबी अचानक वाढली तर तिचे काही धागे तुटू लागले असण्याची शक्यता असते.

तरफ घट्ट लागते, पण मोटार सरकते

या स्थितीत केबलचा ताण पुरेसा असतो, परंतु घर्षण पुरेसे नसते. व्हील सिलिंडरमधून गळणारे ब्रेकचे तेल किंवा बेअरिंगमधील ग्रीस लायनरवर पसरणे, लायनर तापून काचेसारखे गुळगुळीत होणे, अथवा ड्रममध्ये पाणी वा चिखल शिरणे ही प्रमुख कारणे होत. केबल तिच्या नळीत गंजून अडकली असेल तरही हेच लक्षण दिसते. तरफेवर ताण जाणवतो, मात्र तो चाकापर्यंत पोहोचत नाही.

एकच चाक धरते

एका बाजूची केबल अडकणे, एका ड्रममधील तरफ गंजणे किंवा इक्वलायझर तिरका अडकणे यांमुळे असे होते. सपाट रस्त्यावर हा दोष लक्षात येत नाही. चाके उचलून केलेल्या तपासणीतच तो ठळकपणे दिसतो.

हातब्रेक सुटत नाही

तरफ खाली केल्यावरही चाक जड फिरणे, मोटार मंद चालणे, चाकाजवळ जळका वास येणे व ड्रम स्पर्श करवणार नाही इतका तापणे ही याची लक्षणे आहेत. केबलची नळी फाटून आत पाणी शिरल्यास तार गंजते आणि ओढल्यावर परत येत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात, ओली मोटार हातब्रेक लावून अनेक दिवस उभी राहिल्यास लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटून बसते. थंड प्रदेशांत केबलमधील पाणी गोठल्यामुळे असाच परिणाम होतो.

तरफ आपोआप खाली पडते

दाते किंवा खिट्टी झिजल्यास तरफ ओढलेल्या जागी टिकत नाही. हा दोष सर्वांत घातक समजला जातो, कारण अर्धवट अडकलेली खिट्टी काही वेळाने, एखाद्या धक्क्यानेही सुटू शकते. नट आवळून तो दूर होत नाही. तरफेचा संपूर्ण संच बदलावा लागतो.

लाल दिवा विझत नाही

हातब्रेक लावलेला असताना दर्शनी फलकावर लाल दिवा लागतो. तरफ पूर्ण खाली केल्यावरही तो विझत नसेल तर तरफेखालील स्विच सरकला असू शकतो. मात्र अनेक मोटारींत हाच दिवा ब्रेकच्या तेलाची पातळी घटल्याचाही इशारा देतो. त्यामुळे स्विच बिघडला असे गृहीत धरण्यापूर्वी तेलाची टाकी पाहणे आवश्यक असते. पातळी घटण्याचे कारण लायनर अथवा पॅड झिजणे किंवा गळती हे असते. गळती असल्यास मोटार चालविणे धोक्याचे ठरते.

तपासणीचा क्रम

तपासणी सपाट व टणक जमिनीवर करतात. हातब्रेक सोडून काम करावयाचे असल्याने पुढील दोन्ही चाकांना मागून-पुढून लाकडी ठोकळे किंवा मोठे दगड लावणे अनिवार्य असते. मागची बाजू जॅकने उचलल्यावर ती भक्कम स्टँडवर टेकवितात. केवळ जॅकवर तोललेल्या मोटारीखाली शिरू नये.

१. दाते मोजणे: तरफ सावकाश ओढून ती कितव्या दात्यावर घट्ट होते ते पाहतात व पुस्तिकेतील आकड्याशी ताडतात.

२. मोकळेपणा पाहणे: तरफ पूर्ण खाली असताना दोन्ही मागील चाके हाताने फिरवितात. किंचित घासल्याचा आवाज चालू शकतो, परंतु चाक अडखळता कामा नये.

३. दोन चाकांची तुलना करणे: दुसऱ्या व्यक्तीने तरफ एकेक दाता वर घ्यावी व प्रत्येक वेळी दोन्ही चाके फिरवून पाहावीत. दोन्ही चाके जवळजवळ एकाच दात्यावर जड होऊ लागणे व एकाच दात्यावर घट्ट धरली जाणे हे निर्दोष स्थितीचे लक्षण होय.

४. केबल व ड्रम यांतील दोष वेगळे करणे: एखादे चाक सुटत नसल्यास जुळवणीचा नट सैल करून केबलवरील ताण पूर्ण काढतात. तरीही चाक अडकलेलेच राहिले तर ड्रमजवळ केबलचे टोक परत आले आहे का ते पाहतात. टोक परत आले असूनही चाक अडकत असल्यास दोष ड्रममध्ये असतो. टोक परत आले नसल्यास केबल तिच्या नळीत अडकलेली असते किंवा आतील तरफ गंजलेली असते. केबलचे टोक आतील तरफेपासून सोडवून पाहिले की या दोहोंपैकी कोणता दोष आहे ते कळते.

५. ड्रम काढून पाहणे: लायनरची जाडी, तेलाचे डाग, ड्रमवरील खाचा, स्प्रिंगांची स्थिती व जुळवणी यंत्रणेची हालचाल तपासतात. ड्रमचा कमाल अनुज्ञेय व्यास पुष्कळदा ड्रमवरच कोरलेला असतो. ब्रेकमधील धूळ हवेच्या झोताने उडविणे टाळावे. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती पुसून घेतात.

केबल शेवटी का ताणावी

लायनर झिजलेले असताना केवळ केबल ताणली तर तरफ पुन्हा कमी दात्यांवर घट्ट होते आणि दुरुस्ती झाल्यासारखे भासते. प्रत्यक्षात ड्रममधील छोटी तरफ तिच्या विश्रांतीच्या जागी परत येऊ शकत नाही व शू काहीसे बाहेरच राहतात. अनेक रचनांत शू पूर्ण मागे आले तरच स्वयंचलित जुळवणी यंत्रणा अंतर भरून काढू शकते. ताणलेल्या केबलमुळे तिचे काम थांबते. परिणामी चालू मोटारीत शू ड्रमला घासतात, ड्रम तापतो व इंधन अधिक खर्च होते. झिजलेल्या लायनरकडे मात्र लक्ष जात नाही. ताणलेल्या केबलने हातब्रेकचे लक्षण झाकले जाते आणि त्याच शूंवर अवलंबून असलेला पायाचा ब्रेक दुर्बलच राहतो. एकीकडे दुरुस्ती झाल्याचा विश्वास व दुसरीकडे कमी झालेली ब्रेकची क्षमता, हा या चुकीच्या क्रमातील खरा धोका आहे.

म्हणून दुरुस्तीचा क्रम सामान्यतः असा ठेवतात:

१. तरफ पूर्ण खाली करून केबलचा नट सैल करणे.

२. ड्रम काढून सर्व भाग साफ करणे. मर्यादेपेक्षा झिजलेले किंवा तेलाने माखलेले शू बदलणे. तेल शोषलेले लायनर धुऊन पूर्ववत होत नाही. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलतात, अन्यथा दोन बाजूंच्या पकडीत फरक पडतो. गळती असल्यास तिचे मूळ आधी दूर करणे.

३. जुळवणी यंत्रणा मोकळी करणे व शू जेथे मागील पत्र्यावर सरकतात त्या बिंदूंवर उच्च तापमान सहन करणारे ग्रीस अगदी थोडे लावणे. लायनर व ड्रमच्या आतील पृष्ठभागाला ते लागू न देणे.

४. ड्रम बसवून पायाचा ब्रेक अनेकदा दाबणे, जेणेकरून शू आपल्या योग्य अंतरावर येतील. काही रचनांत जुळवणी हातब्रेक ओढल्याने किंवा मोटार मागे घेताना ब्रेक दाबल्याने होते. यासाठी पुस्तिका पाहावी.

५. यानंतरच केबलचा नट आवळून दात्यांचा विहित आकडा साधणे व लॉकनट घट्ट करणे.

६. तरफ खाली असताना दोन्ही चाके मोकळी फिरतात याची खात्री करणे.

७. शेवटी सौम्य उतारावर परीक्षा घेणे. पाय ब्रेकवर ठेवून हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा व पाय हळूहळू उचलावा. ही परीक्षा मोटारीचे तोंड चढाकडे व उताराकडे अशी दोन्ही प्रकारे, समोर व मागे कोणी नसताना घेतात.

गंजलेल्या केबलमध्ये तेल सोडून ती तात्पुरती मोकळी होते. मात्र नळीचे आवरण फाटलेले असल्यास पाणी पुन्हा शिरते, म्हणून केबल बदलणे हाच टिकाऊ उपाय ठरतो. ड्रमला चिकटलेले शू सोडविण्यासाठी मोटार जोराने पुढे-मागे रेटू नये, कारण त्यामुळे लायनर शूपासून उखडू शकते. चाक काढून ड्रमच्या कडेवर हलके ठोके देणे अधिक सुरक्षित असते.

इतर प्रकार

मागे डिस्क ब्रेक असलेल्या मोटारींत दोन रचना आढळतात. एकीत हातब्रेकची केबल कॅलिपरमधील पिस्टन यांत्रिक रीतीने दाबते, तर दुसरीत डिस्कच्या मध्यभागी एक लहान ड्रम ब्रेक केवळ पार्किंगसाठी असतो. पहिल्या रचनेत एक विशेष धोका संभवतो. लांब घाट उतरून आल्यावर डिस्क व पॅड तापून प्रसरण पावलेले असतात. त्या स्थितीत लावलेला हातब्रेक ते थंड होऊन आकुंचन पावल्यावर सैल पडू शकतो. म्हणून अशा वेळी तरफ एखादा दाता अधिक ओढतात व मोटार गिअरमध्ये ठेवतात.

विद्युत पार्किंग ब्रेकमध्ये तरफेऐवजी बटण असते व लहान मोटरच्या साहाय्याने पॅड दाबले जातात. पॅड बदलण्यापूर्वी तो 'सर्व्हिस' स्थितीत न्यावा लागतो. पिस्टन बळाने मागे ढकलल्यास यंत्रणा मोडते.

सुरक्षित वापर

केवळ हातब्रेकवर विसंबून न राहता मोटार गिअरमध्येही ठेवण्याची शिफारस केली जाते. चढाकडे तोंड असल्यास पहिला व उताराकडे तोंड असल्यास रिव्हर्स गिअर टाकतात. स्वयंचलित गिअरच्या मोटारीत हातब्रेक आधी ओढून मगच 'पी' स्थिती निवडल्यास भार गिअरपेटीतील लहानशा खिट्टीवर पडत नाही. रस्त्याच्या डाव्या कडेला उताराकडे तोंड करून उभे राहताना पुढील चाके कडेच्या दिशेने वळवून ठेवतात. पावसात भिजलेली मोटार अनेक दिवस उभी करावयाची असल्यास सपाट जागा निवडून, मोटार गिअरमध्ये ठेवून व चाकांना ठोकळे लावून हातब्रेक मोकळा ठेवता येतो.

पायाचा ब्रेक निकामी झाल्यास हातब्रेक आपत्कालीन साधन म्हणून वापरता येतो. तो बहुधा मागील चाकांवरच चालत असल्याने एकदम ओढल्यास ती चाके अडकून मोटार घसरते. म्हणून बटण दाबून धरून, ओढ हळूहळू वाढवीत व गिअर उतरवीत वेग कमी करतात.

कायदेशीर बाजू

भारतातील मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार परवानाधारक व्यक्ती चालकाच्या आसनावर नसताना सार्वजनिक ठिकाणी मोटार उभी ठेवायची असल्यास इंजिन बंद करून ब्रेक लावणे किंवा चालकाच्या अनुपस्थितीत ती अपघाताने गतिमान होणार नाही असे अन्य उपाय योजणे बंधनकारक आहे. त्यामुळे हातब्रेक नादुरुस्त असल्यास तो दुरुस्त होईपर्यंत गिअर व ठोकळे यांचा वापर करणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारीही ठरते.